तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राहक कोर्टात खरंच काही होतं का?

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. आधी तब्येतीची चौकशी, मग पाऊसपाणी, आणि मग मूळ मुद्दा. "ताई, तुम्ही ग्राहक कोर्टात गेला होतात ना? खरंच काही होतं का तिथं, की नुसत्या तारखा? वकील किती घेतो?" कुणाच्या वॉशिंग मशीनला गळती लागलेली असते, कुणाच्या मुलानं क्लास सोडलेला असतो आणि फी परत मिळत नसते, कुणाचा बिल्डर तीन दिवाळ्या 'पुढच्या दिवाळीला ताबा' म्हणत असतो. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं.

होतं. वकील लागत नाही. तारखा पडतात, भरपूर पडतात. बाकी सगळा खेळ कागदांचा, आणि माझ्या बाबतीत तर एका गुलाबी पत्रकाचा.

२०२१च्या दसऱ्याला मी घरघंटी घेतली. २४,५०० रुपये. लॉकडाउनमध्ये यजमानांची एमआयडीसीतली नोकरी गेली होती. सिन्नरला आमच्या कॉलनीत गिरणी लांब, तेव्हा आजूबाजूच्या बायकांचं दळण किलोला पाच रुपयांनी करून द्यायचं असा माझा हिशेब. दुकानदारानं पूजा करून नारळ फोडून घंटी दिली. अकराव्या दिवशी बाजरीचं पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम यायला लागलं. मग जळका वास. मग घंटी मध्येच बंद पडायची, तासाभरानं निवली की आपोआप सुरू व्हायची. शेजारणीचं दळण अर्धं पीठ अर्धे दाणे असं परत द्यायची वेळ आली की काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

मेकॅनिक तीनदा आला. पहिल्यांदा म्हणाला, जाळी चुकीच्या नंबरची लावताय. दुसऱ्यांदा, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे. तिसऱ्यांदा त्यानं मोटर उघडली आणि जॉबशीटवर इंग्रजीत लिहिलं की वाइंडिंग जळलंय. या तिन्ही जॉबशीटच्या प्रती मी मागून घेतल्या होत्या. हुशारी म्हणून नव्हे, पुढच्या मेकॅनिकला दाखवायला. नंतर कळलं की पहिला बिघाड अकराव्या दिवशी झाला हे सिद्ध करणारा तेवढा एकच कागद माझ्याकडे होता. दुकानदाराला मी केलेले वीसेक फोन हवेत विरून गेले होते. म्हणून आता कुणीही विचारलं की पहिलं हेच सांगते: फोन करा, भांडा, पण संध्याकाळी तेच ई-मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.

कोर्टाच्या आधी एक पायरी आहे, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तक्रार कंपनीकडे जाते आणि बऱ्याच जणांचं काम तिथंच होऊन जातं. माझं झालं नाही. कंपनीनं उत्तर दिलं की ग्राहकानं चुकीचा वापर केला, आणि विषय बंद. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देऊ शकत नाही. मग दुकानदार आणि कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. नोटीस म्हणजे तरी काय, दोन पानी पत्र: कधी घेतलं, किती दिले, काय झालं, पंधरा दिवसांत पैसे परत करा. दुकानदाराकडून लिफाफा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आला. तो न उघडता तसाच ठेवला.

इथं मला भेटले ग्राहक पंचायतीचे एक काका. वय पंच्याहत्तरच्या पुढं, खिशाला दोन पेनं. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहकांचा कायदासुद्धा नव्हता, तो आला डिसेंबर १९८६ मध्ये, हे ते प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मलाही सांगितलं. मग म्हणाले, "पोरी, आता तो कायदाही जुना झाला. नवा २०१९चा, लागू झाला जुलै २०२० पासून. त्यातलं तुझ्या कामाचं एकच: कंपनी कुठलीही असो, तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते." माझी कंपनी परराज्यातली. जुन्या कायद्यानं सामनेवाल्याच्या मागं जावं लागायचं, नाहीतर जिथं व्यवहार घडला तिथं. आता त्यानं नाशिकला यायचं.

'सामनेवाला' हा शब्द तिथलाच. तुम्ही तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो सामनेवाला. जिल्ह्याजिल्ह्यात हा शब्द बदलतो बरं का. कुठं जाबदार, पुण्याकडं जाबदेणार, विदर्भात विरुद्ध पक्ष, मराठवाड्यात गैरअर्जदार. पैसे बुडवणारा माणूस सगळीकडं एकच. आणि आपण ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतो त्याचं नाव आधी मंच होतं, आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मी दोन्ही म्हणते, कारकून ओळखतात.

कुठं जायचं ते वस्तूसाठी किंवा सेवेसाठी तुम्ही दिलेल्या रकमेवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. फी ५ लाखांपर्यंत शून्य. ज्यांच्या फ्लॅटचे ३८ लाख अडकलेत त्यांनी परवा विचारलं, लाखभर फी असेल ना? एक हजार रुपये, म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते. मुदत मात्र दोन वर्षांची, भांडणाचं कारण घडल्यापासून. त्यापुढं गेलात तर विलंब माफीचा अर्ज आणि उशीर का झाला याची पटण्यासारखी कारणं द्यावी लागतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी तक्रार दाखल केली. मराठीत, घरी लिहून, डीटीपीवाल्याकडून टाइप करून. पहिल्या खेपेला कारकुनानं ती परत दिली. पानांना नंबर नाहीत, अनुक्रमणिका नाही, शपथपत्र नाही, बिलावर घंटीचा सिरियल नंबर नाही. ज्या कायद्यात दुकानदाराच्या चुकीला 'सेवेतील त्रुटी' म्हणतात, तिथं माझ्याच अर्जात नऊ त्रुटी निघाल्या. आता घरबसल्या ऑनलाइन दाखल करायची सोय आहे, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावानं. पण पानांना नंबर तिथंही द्यावेच लागतात.

कायद्यात लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. 'प्रयत्न' हा शब्द फार कामाचा. मला अठरा महिने लागले. एकदा सदस्यांची जागा रिकामी म्हणून कोरम नाही, एकदा कंपनीचे वकील आजारी, एकदा मीच आजारी. सकाळची एसटी धरायची, साडेदहाला हजर, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेवढी सरकारची मदत.

पण तारखांमधलं एक कलम आपल्या बाजूचं आहे. सामनेवाल्यानं आपलं लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की ४५ दिवसांपुढं एक दिवसही नाही. आमचा दुकानदार आला पासष्टाव्या दिवशी, हसत हसत, जणू लग्नाला उशीर झालाय. त्याचं म्हणणं घेतलं गेलं नाही. मला त्या दिवशी बाहेर येऊन दोन चहा प्यावेसे वाटले.

कंपनीनं मात्र वेळेत म्हणणं दिलं, आणि ते वाचून माझे हातपाय गळाले. त्यांचा मुद्दा असा की ही बाई ग्राहकच नाही. ती पैसे घेऊन दळण देते, म्हणजे घंटी व्यापारी कारणासाठी घेतली, आणि तशा खरेदीला हा कायदा लागू नाही. हा मुद्दा काल्पनिक नाही. कायदा खरोखरच तसं म्हणतो. मी तर तक्रारीत स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं होतं, किलोला पाच रुपये.

काकांनी चष्मा पुसला आणि त्याच कलमाची पुढची ओळ वाचून दाखवली. माणसानं स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी म्हणून वस्तू घेतली आणि स्वतःच वापरली तर ते व्यापारी कारण धरायचं नाही. दहा घंट्या घेऊन नोकर ठेवले असते तर गोष्ट वेगळी. मग त्यांनी विचारलं, "घेताना काही छापील कागद दिला होता का?"

होता. गुलाबी पत्रक. पिठाच्या डब्याच्या तळाशी मी ते घडी करून घातलं होतं, पीठ चिकटू नये म्हणून. काढलं तर एका कोपऱ्याला बाजरी लागलेली आणि वर ठसठशीत अक्षरांत: 'घरबसल्या कमवा! गृहिणींसाठी स्वयंरोजगाराची सुवर्णसंधी.' खाली कंपनीचं नाव, दुकानाचा शिक्का. म्हणजे विकताना 'कमवा' आणि बिघडल्यावर 'कमावलंत कशाला'.

ते पत्रक दस्तऐवजांच्या यादीत बारावं लागलं. सोबत गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याचं शपथपत्र जोडलं, चाळीस वर्षं मोटरी भरणारा माणूस, त्यानं लिहून दिलं की तार ठरल्यापेक्षा बारीक वापरली आहे. इथं साक्षीदारांची नाट्यमय उलटतपासणी वगैरे सहसा होत नाही. शपथपत्रं, कागद आणि लेखी युक्तिवाद यांवरच काम चालतं. युक्तिवादाच्या दिवशी मला जेमतेम सहा मिनिटं मिळाली. अध्यक्षांनी पत्रक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि कंपनीच्या वकिलांना विचारलं, "हे तुमचंच ना?"

त्याआधी मध्यस्थीचाही प्रस्ताव आला होता. नव्या कायद्यात ती सोय आहे आणि चांगली आहे. पण कंपनी म्हणाली, निम्म्या खर्चात मोटर बदलून देतो. निम्मा खर्च माझा. मी नको म्हटलं. कुणाला पूर्ण पैसे देऊ करत असतील तर मात्र घेऊन मोकळं व्हावं, तिथं ताठा नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश झाला: २४,५०० रुपये तक्रार दाखल केल्यापासून ९ टक्के व्याजानं, मानसिक त्रासापोटी ५,०००, खर्चापोटी ३,०००, ४५ दिवसांत द्यावेत. मला वाटलं संपलं. ४५ दिवस गेले, साठ गेले. अपील नाही (अपिलाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते), पैसेही नाहीत. निकाल हातात असून तो लोणच्यासारखा बरणीत ठेवायची वेळ. मग दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम ७२ आहे. आयोगाचं वॉरंट निघाल्याचं कळताच आठ दिवसांत डिमांड ड्राफ्ट आला. सप्टेंबर २०२४, ३७,०९४ रुपये. माझं स्पष्ट मत आहे की या कायद्याचा दरवाजा रुंद आहे, पण बाहेर पडायची वाट अजून बोळातूनच जाते.

आता फोनवरचे बाकीचे प्रश्न भराभर. डॉक्टरविरुद्ध जाता येतं, पैसे घेऊन उपचार केले असतील तर. ते १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयात ठरलंय. जिथं सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथं नाही. वकिलाविरुद्ध मे २०२४ पासून नाही, तेही सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं. यावर काका जे बोलले ते लिहिता येत नाही. ऑनलाइन खरेदी चालते. बिल मागूनही न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा. आणि दुकानातल्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला भिऊ नका, सदोष माल परत घ्यायला नकार देणं याच कायद्यात अनुचित ठरवलंय. रंग आवडला नाही म्हणून परत नेलात तर मात्र दुकानदार बरोबर.

परवडलं का, हा प्रश्न यजमानांनीही विचारला होता. पंधरा-सोळा खेपा, झेरॉक्स, बुडालेली दळणं. हिशेब मांडला तर नाही परवडलं. मी मांडला नाही.

मिळालेल्या पैशांत थोडी भर घालून गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीची घरघंटी घेतली. दुकान वेगळं, पत्रक या वेळी पिवळं, मजकूर जवळपास तोच. मी बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला आणि पत्रक पुढं सरकवून म्हटलं, यावरही सही करा. मुलगा हसला. "ताई, जाहिरातीच्या कागदावर कुणी सही मागतं का?"

सही केली त्यानं. मग मी शिक्का मागितला.