वानराला केळं का देऊ देत नाही?

साताऱ्याकडच्या चाफळला दर्शन झालं की परतीच्या वाटेवर मंडळी आमच्या रानाच्या कडेला गाडी थांबवतात. काच खाली होते, काळ्या तोंडाच्या वानरांपुढे केळी-बिस्किटं धरली जातात. मी हात आडवा घातला की प्रश्न ठरलेला : "मारुतीचं रूप ते! दोन केळी दिली तर तुमचं काय जातंय?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी आमच्या गायीचं सांगतो. भावकीतलं लग्न उरकलं त्या रात्री ती दावं तोडून सुटली आणि उरलेल्या भाताच्या पातेल्यात तोंड घालून बसली. मध्यरात्रीपर्यंत डावी कूस ढोलासारखी फुगली, रवंथ बंद. डॉक्टरांनी औषध पाजलं, पोट उतरेस्तोवर पहाट झाली. वाचली, पण दूध आटलं ते आटलंच. कोटीपोटातले, म्हणजे गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू वैरणीवर पोसलेले. त्यांच्यावर एकदम भात पडला की सगळं आंबतं.

वानर रवंथ करत नाही, पण त्याचं पोटही त्याच वळणाचं. जठराला कप्पे, आणि त्यातले जंतू पाला आंबवून पचवतात. लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात, मिळेल ते कोंबून ते पळतं. वानराला त्या पिशव्याही नाहीत. आमच्या उंबरावर काळंभोर पिल्लू पोटाशी घेऊन एक मादी येते. डहाळी वाकवते, हुंगते, नुसता कोवळा शेंडा खुडते, बाकीची सोडून देते. एवढी चोखंदळ बाई तुमच्या क्रीमच्या बिस्किटाला लागली की झाड सोडून डांबरीवर येऊन बसते. तिथं ट्रक असतात.

आणि तुम्ही गेल्यावर ती टोळी माझ्या भुईमुगात उतरते. केळं तुमचं, भुईमूग माझा! १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही, लावायचाही नाही. बिबट्या दिसला की झाडावरून त्यांचं 'खक् खक्' सुरू होतं आणि आमची वाडी शेरडं आत घेते. ही राखण फुकटची आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, पुढं २०१० मध्ये चांदोलीसह तिथं व्याघ्र प्रकल्प झाला. पण रस्त्याकडेच्या या उंबरावर कुठला वनरक्षक उभा राहणार? म्हणून मी राहतो.

समर्थांनी स्थापलेले दोन मारुती चाफळातच आहेत, केळी तिथं ठेवा. उरलीच, तर साली आमच्या गायीला द्या. केळं मी खातो.