आमची वाटचाल : तापमान मोजणारं तांबं

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात पहिली काही वर्षं फक्त पीसीबी असेंब्लीची, म्हणजे सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडायची कामं यायची. मग एका प्रयोगशाळेसाठी पीसीआर यंत्राचा हीटर बोर्ड करायचं काम हाती आलं. डीएनएच्या प्रती काढायच्या तर नमुना 95 अंशांवर न्यायचा, 60च्या आसपास उतरवायचा, पुन्हा 72 वर चढवायचा, आणि हे तीस-पस्तीस वेळा. आम्ही बोर्डावर प्लॅटिनमचा सेन्सर चिकटवला. एक तर तो महाग, त्यात खाली जराशी हवा राहिली की आकडा मागे पडायचा.

तेव्हा बोर्डावरच्या तांब्याकडे लक्ष गेलं. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. 18 मायक्रॉन जाडीचा, 0.1 मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक नागमोडी वळवत मीटरभर नेला, की साधारण साडेनऊ ओहम मिळतात. नमुन्याच्या ट्यूबच्या बरोबर खाली, बोर्डाचाच भाग असलेला सेन्सर!

पण एका अंशाचा फरक 0.04 ओहमसुद्धा भरत नाही. मल्टिमीटरचा प्रोब नुसता हलला तरी तेवढं इकडेतिकडे होतं. म्हणून चार तारा घेतल्या : दोनांतून करंट, दोनांवर व्होल्टेज, म्हणजे तारांचा आणि सांध्यांचा रेझिस्टन्स मोजमापात येत नाही. करंटही अगदी थोडा, नाहीतर ट्रॅक स्वतःच तापतो.

एचिंगमध्ये, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने काढताना, ट्रॅकची रुंदी किंचित कमीजास्त होतेच, त्यामुळे एकाच पॅनेलवरचे दोन बोर्डसुद्धा सारखे निघत नाहीत. प्रत्येकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी आकडा जुळवणं, वेगळं करावं लागतं. इथे आमची मोठी चूक झाली. वितळता बर्फ 0, उकळतं पाणी 100, असं धरून आम्ही बोर्ड पाठवले. एकाच तापमानाला, 65 अंशांवर, डीएनएच्या प्रती काढणाऱ्या लॅम्प चाचणीचे रिझल्ट उशिरा येताहेत, असा फोन आला. दोन दिवस सर्किटच तपासत बसलो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर; इथे पाणी 98च्या आसपासच उकळतं! बोर्ड 65 दाखवायचा तेव्हा खाली 64 सुद्धा नसायचे. रुग्णाचा रिपोर्ट त्या आकड्यावर अवलंबून असतो, म्हणून गेलेले सगळे बोर्ड आम्ही स्वखर्चाने परत आणले.

आता ढवळत्या पाण्याच्या टाकीत, प्रमाणित थर्मामीटर शेजारी ठेवून, दोन तापमानांना प्रत्येक बोर्ड तपासतो आणि त्याचे आकडे त्याच्याच मेमरीत भरतो. सध्या 1.6 ऐवजी 0.8 मिलिमीटर जाडीचा बोर्ड करून बघतोय. बोर्ड ज्याचा बनतो ती ग्लास-इपॉक्सी उष्णता सावकाश सोडते, आणि 95 वरून 60 वर उतरायला लागणारा वेळ आम्हाला कमी करायचा आहे.