त्रेपन्न हर्ट्झचा पुरावा

एका रॉक गायकाने तीन बँडमध्ये मिळून गायलेल्या गाण्यांचा संच निघणार होता आणि जुन्या टेपवरून डिजिटल प्रती करायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या बँडच्या पाव इंची स्टिरिओ मास्टर टेप (म्हणजे तयार मिक्स) आणि दोन इंची, चोवीस ट्रॅकच्या मल्टिट्रॅक टेप (म्हणजे मिक्स करण्याआधीचं, वाद्यं आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेलं मूळ) होत्या. दुसऱ्या बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं होती आणि तिसऱ्याचं सगळं डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर. निर्मात्याची एक शंकाही सोबत आली होती. रेकॉर्डवर एफ या पट्टीत असलेलं गाणं हाच गायक काही वर्षांनी दुसऱ्या बँडबरोबर ई फ्लॅटमध्ये गातो, म्हणजे दोन सेमीटोन (अर्धे सूर) खाली. आवाज बसला, असं चाहते धरूनच चालतात. पुस्तिकेत तसंच छापायचं का?

उत्तराआधी टेप वाजायला हवी. मल्टिट्रॅक मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून सरकताना किंचाळत होती आणि मागे तपकिरी चिकट थर सोडत होती. चुंबकीय कण धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतली आर्द्रता शोषून सुटू लागलं की असं होतं. उपाय म्हणजे टेप भाजणे: सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठ तास, तेही तापमान स्थिर ठेवणाऱ्या इनक्युबेटरमध्ये, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कदापि नाही. नंतर तितकाच वेळ निवू द्यायची. मग काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात प्रत उरकायची. अ‍ॅसिटेट टेप मात्र भाजली की वाया जाते. रीळ उजेडासमोर धरून आधी बघावं: अ‍ॅसिटेटमधून उजेड आरपार दिसतो, पॉलिस्टरमधून नाही.

स्टिरिओ मास्टरच्या सुरुवातीला १०० हर्ट्झ, १ आणि १० किलोहर्ट्झचे टोन होते. त्यांवर मशीनची पातळी बसवली. दोन्ही चॅनेल एकत्र (मोनो) करून १० किलोहर्ट्झचा टोन सर्वांत मोठा ऐकू येईपर्यंत हेडचा कोन फिरवला आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर प्रत घेतली.

खटकली ती गिटार. रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यात, सर्वांत जाड तार मोकळी वाजते, हे तिच्या घुमण्यावरून कळतं. ती तार ई म्हणजे ८२.४ हर्ट्झला लावतात; इथे ८७.३ येत होते. तारा एफपर्यंत चढवून वाजवणारे विरळाच, कारण एका सेमीटोनला ताण बारा टक्क्यांनी वाढतो आणि तारा तुटतात. म्हणजे गिटार ईमध्येच वाजली असणार आणि नंतर कुठेतरी वेग वाढला असणार.

कुठे, हे अँप्लिफायरच्या हमने, म्हणजे विजेमुळे येणाऱ्या गुणगुणीने सांगितलं. ड्रमरने काठ्या आपटून ताल देण्याआधी तीनेक सेकंद गिटारचा अँप नुसता गुणगुणतो. मुद्रण ५० हर्ट्झ वीज असलेल्या देशातलं. तेवढा तुकडा २,६२,१४४ बिंदूंच्या एफएफटीतून, म्हणजे आवाजातल्या वारंवारता सुट्या करून दाखवणाऱ्या गणितातून पाहिला (फार कमी बिंदू घेतले तर ५० आणि ५३ नीट सुटे दिसत नाहीत). दोन रेषा निघाल्या. ५० वर बारीक आणि ५३ वर जाड. शिवाय १०६ आणि १५९ वरही. विजेची वारंवारता थोडी हलते, पण तीन हर्ट्झने नाही. ५० ची रेषा माझ्याच मशीनची तर नाही? टेपच्या आधी जोडलेल्या कोऱ्या पट्टीवर (लीडर) ती नव्हती, म्हणजे ती मिक्सिंगच्या वेळी उमटलेली. मास्टर आज योग्य वेगाने वाजते आहे, हे तिच्यावरून पक्कं झालं. ५३ म्हणजे मल्टिट्रॅकवर आधीच असलेला हम, मिक्स करताना मशीन जवळपास सहा टक्के जास्त वेगात चालवल्यामुळे चढलेला. भाजलेली मल्टिट्रॅक नेहमीच्या वेगाने लावली: हम ५० वर आणि गाणं ईमध्ये. त्यावर चार मिनिटं चालणारं गाणं रेकॉर्डवर ३ मिनिटं ४६ सेकंदांत संपतं. डब्यावर याचा शेरा नाही. लांबी आटपावी आणि आवाजाला धार यावी म्हणून त्या काळी असं करत. ते लिहून ठेवायची तसदी कोणी घेत नसे.

वेग वाढला की फक्त सूर चढत नाही. कंठातून आणि तोंडातून स्वरांना मिळणारा अनुनादही सहा टक्के वर जातो आणि गायक वयाने लहान वाटतो. व्हिब्रॅटो, म्हणजे स्वराचं कंपनही वेगवान होतं. ज्या सी नोटवर (५२३ हर्ट्झ) लोक फिदा आहेत, ती त्याने बी म्हणून (४९४) गायली होती.

उरलेला एक सेमीटोन दुसऱ्या बँडच्या गिटारींचा. त्या सगळ्या अर्धा सूर उतरवून ई फ्लॅटला लावलेल्या होत्या, बोटं त्याच जागी. पट्टी उतरवण्याची कारणं गायकाच्या गळ्यातच असतात असं नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली. तारा सैल पडाव्यात म्हणून १९७१ च्या ब्लॅक सॅबथच्या अल्बममधल्या काही गाण्यांना त्याने गिटार तीन सेमीटोन उतरवली. रॉक गायक रॉनी जेम्स डिओ एल्फ, रेनबो, ब्लॅक सॅबथ आणि मग स्वतःचा डिओ असा बँडमागून बँड प्रवास करतो, तेव्हा त्याचा आवाज बँडगणिक मोजण्याआधी गिटार कशी लावली होती ते विचारायला हवं. चाहत्यांच्या वादात हे सहसा कोणी विचारत नाही.

डॅटची गंमत उलटी. ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित झालेल्या दोन टेपच्या फाइलवर आधीच्या प्रतीत ४४.१ चा शिक्का, म्हणजे सेकंदाला किती आकडे वाजवायचे याची चुकीची नोंद, बसला होता. त्याने वेग आठ टक्के घटतो आणि गाणं जवळजवळ दीड सेमीटोन उतरतं. गायक थकल्यासारखा वाटतो. शिक्का बदलला, काम झालं. इथे रूपांतर करायचं नसतं, आकडे तेच राहतात.

संचात रेकॉर्ड तिच्या प्रसिद्ध वेगानेच ठेवली, कारण लोकांच्या कानात तीच आहे. जोडीला मल्टिट्रॅकवरून ईमधला नवा मिक्स दिला. मास्टर सॉफ्टवेअरने अर्धा सूर उतरवून तेच साधेल, असं निर्मात्याचं म्हणणं होतं. पण त्यात झांजांचा शेवट पाण्यासारखा वाजतो आणि मूळ टेप हाताशी असताना तो खटाटोप कशाला? तिन्ही बँडच्या पातळ्या फक्त गायकाच्या आवाजावरून जुळवल्या, नाहीतर तिसऱ्या बँडचे कॉम्प्रेशनने सतत मोठे ठेवलेले ड्रम बाकी सगळ्यांना गिळून टाकत होते. पुस्तिकेत आवाज बसल्याचं वाक्य गेलं नाही. त्याऐवजी प्रत्येक गाण्यापुढे गिटारीचं ट्यूनिंग आणि टेपचा वेग छापला.