तुम्ही विचारलंत म्हणून: सतरा वेळा हरलेला साकुराबा

"तुमचा सगळ्यात आवडता फायटर कोण?" असं कुणी विचारलं की मी जपानच्या काझुशी साकुराबाचं नाव घेतो. तो एमएमएमधला, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी असं सगळं चालणाऱ्या लढतींमधला फायटर. समोरचा लगेच फोनवर त्याचं रेकॉर्ड काढतो आणि मग खरा प्रश्न येतो. "अहो, हा तर सतरा वेळा हरलाय! २६ विजय, १७ पराभव. याला तुम्ही एमएमएमधला सर्वांत मोठा माणूस म्हणता?" मी जिथे ग्रॅपलिंग (पकडींची कुस्ती) शिकलो आणि आता नव्या मुलांना शिकवतो, तिथे तर दर बॅचमध्ये एकजण तरी हे विचारतोच. उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी तारखा बघा. त्या १७ पराभवांपैकी १५ हे २००० साल संपल्यानंतरचे आहेत. त्याआधी तो फक्त दोनदा हरला होता, आणि त्यातला एक पराभव दीड तासाची लढत संपवून त्याच रात्री पुन्हा रिंगमध्ये उतरल्यावरचा. रेकॉर्डमध्ये तारीख असते, प्रतिस्पर्ध्याचं नाव असतं, निकाल असतो. लढत कोणत्या अटींवर झाली आणि त्या अटी कुणी घातल्या, याला रकाना नसतो. साकुराबाची सगळी कारकीर्द त्या नसलेल्या रकान्यात आहे.

त्याचा जन्म १९६९चा, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातला. शाळेपासून कुस्ती, पुढे तोक्योच्या चुओ विद्यापीठातही कुस्ती. मग तो यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या प्रो-रेसलिंग कंपनीत गेला. प्रो-रेसलिंग म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या लढती, हे खरंच आहे. पण या कंपनीच्या तालमीत जे शिकवलं जायचं ते खोटं नव्हतं. तिथे बिली रॉबिन्सन होते. इंग्लंडमधल्या विगन गावच्या 'स्नेक पिट' तालमीत घडलेले जुने कॅच कुस्तीगीर, सांध्यांवरच्या पकडींचे पक्के जाणकार. साकुराबाला जे मिळालं ते इथे मिळालं.

आणि याच कंपनीची लाज गेली होती. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरला यूएफसी ही अमेरिकेतली एमएमए स्पर्धा पहिल्यांदा झाली, रॉयस ग्रेसी जिंकला आणि ब्राझीलच्या या एका घराण्याचं जिऊ-जित्सू जगभर दुमदुमलं. घराण्यातला सर्वांत बलाढ्य मानला जाणारा रिक्सन. त्याला आव्हान द्यायला यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलने १९९४च्या डिसेंबरमध्ये योजी आन्जोला थेट त्याच्या लॉस एंजेलिसच्या तालमीत पाठवलं. आन्जो रक्तबंबाळ होऊन परतला. मग कंपनीचा मोठा तारा नोबुहिको ताकादा स्वतः पुढे झाला. ११ ऑक्टोबर १९९७, तोक्यो डोम, प्राईड या जपानी एमएमए स्पर्धेची पहिली खेप. पाच मिनिटं व्हायच्या आत रिक्सनने त्याला आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत) धरून टॅप करायला, म्हणजे हाताने थापटून हार मानायला लावलं. ताकादा साकुराबाचा ज्येष्ठ, गुरुस्थानी असलेला माणूस. जपानी प्रेक्षकांसाठी तो एका माणसाचा पराभव नव्हता, सगळं प्रो-रेसलिंगच उघडं पडलं होतं.

सव्वादोन महिन्यांनी, २१ डिसेंबरला, योकोहामात यूएफसीची स्पर्धा झाली. जखमी सहकाऱ्याच्या जागी साकुराबाला आयत्या वेळी उतरवलं, तेही हेवीवेट गटात. हा साधारण ८५ किलोंचा. समोर मार्कस सिल्व्हेरा, जिऊ-जित्सूचा ब्लॅकबेल्ट आणि वजनाने कितीतरी भारी. ठोशांच्या माऱ्यात साकुराबा पट काढायला खाली वाकला. रेफरीला वाटलं तो कोसळला, आणि त्याने लढत थांबवली. साकुराबा पिंजऱ्यातच बसून राहिला, बाहेर यायला तयार होईना. शेवटी चित्रफीत पाहून तो निकाल रद्द झाला. दुसऱ्या उपांत्य लढतीत जिंकलेल्या टँक ॲबटचा हात दुखावल्याने त्याने माघार घेतली होती, म्हणून अंतिम सामना म्हणून पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. या वेळी साकुराबाने आर्मबार लावून सिल्व्हेराला टॅप करायला लावलं. नंतर माईक हातात घेऊन तो म्हणाला की प्रो-रेसलर खरं तर बलवानच असतात. त्यामागे आन्जो आणि ताकादाचे पराभव उभे होते, हे माहीत असल्याशिवाय त्या वाक्याचं वजन कळत नाही.

प्राईडमध्ये त्याचा खेळ फुलला, आणि मी 'खेळ' हा शब्द विचार करून वापरतोय. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांवरून कोलांटी मारत जाणं, दोन्ही हातांनी एकदम मारलेले मंगोलियन चॉप, मुखवटे घालून रिंगमध्ये येणं. अनेकांना हे निव्वळ नाटक वाटलं. मला ती उत्सुकता वाटते. बाकीचे ठरलेलं तंत्र घेऊन यायचे. हा समोरच्या माणसाकडे कोडं म्हणून बघायचा. कार्लोस न्यूटनसोबतची १९९८ची लढत बघा. दोघंही एका पकडीतून निसटून दुसरीत जातायत, पाण्यासारखे. नव्या मुलांना मी ती लढत पहिल्या आठवड्यातच दाखवतो.

२१ नोव्हेंबर १९९९ला समोर पहिला ग्रेसी आला, रॉयलर. साकुराबाने आधी लाथांनी त्याचे पाय झोडपले, मग खाली त्याचा हात किमुरा नावाच्या पकडीत (तिच्याबद्दल पुढे सांगतो) धरून मागे वाकवला. रॉयलर टॅप करेना. दुसऱ्या राऊंडची १३ मिनिटं होऊन गेल्यावर रेफरीने लढत थांबवली. ग्रेसी घराणं संतापलं: आमच्या माणसाने हार मानलीच नव्हती! म्हणून पुढच्या वर्षीच्या प्राईडच्या ग्रांप्रीत, म्हणजे बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत उतरताना रॉयसने अटी घातल्या. रेफरीने लढत थांबवायची नाही. राऊंड १५ मिनिटांचे, आणि निकाल लागेपर्यंत कितीही. म्हणजे एकतर टॅप, नाहीतर बेशुद्धी, नाहीतर कॉर्नरमधून, म्हणजे आपल्याच बाजूच्या माणसांनी हार मानून फेकलेला टॉवेल. साकुराबाने हे मान्य केलं. स्पर्धेतल्या दुसऱ्या कुणाला या अटी नव्हत्या, आणि जिंकला तर त्याच रात्री त्याला उपांत्य फेरी लढायची होती.

१ मे २०००, तोक्यो डोम. ग्रेसी मंडळी नेहमीप्रमाणे एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत आली. साकुराबाकडून एकसारखे मुखवटे घातलेले तिघे आले, यातला खरा कोण ते कळेना. ही लढत मी पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं होतं, दीड तास कोण बघणार, पुढे ढकलत बघू. ढकलली नाही. पहिल्या राऊंडच्या शेवटी साकुराबाने गुडघ्यावरची पकड जवळजवळ बसवली होती. दुसऱ्यात रॉयसने त्याची मान काखेत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. पण तिसऱ्या-चौथ्यापासून लढतीचा ताल बदलतो. रॉयसच्या अंगातला जाड सुती गी (ज्युदोसारखा अंगरखा) त्याच्या घराण्याचं हत्यार. साकुराबाने तोच गी मुठीत धरून त्याला हवं तिथे रोखून ठेवलं. आणि लाथा. मांडीवर, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. सहा राऊंड झाले, ९० मिनिटं झाली. सातव्यासाठी रॉयसला धड उभं राहता येईना, आणि त्याचा मोठा भाऊ रोरियन याने टॉवेल फेकला.

घातलेल्या अटीत जेवढे मार्ग होते त्यातल्याच एका मार्गाने, त्यांच्याच हाताने निकाल लागला. तरी रॉयसला मी कमी लेखत नाही. मोडायला आलेल्या पायावर तोही दीड तास उभा होता.

नंतर त्याच रात्री साकुराबा इगोर वोव्हचानचिनसमोर उभा राहिला. युक्रेनचा हेवीवेट, त्या काळातला सर्वांत जबर ठोसेबाजांपैकी एक. साकुराबाने त्याला खालीही पाडलं. १५ मिनिटं संपली, निकाल जादा राऊंडवर गेला, आणि साकुराबाच्या कॉर्नरने टॉवेल टाकला. रेकॉर्डमध्ये तिथे 'पराभव' लिहिलंय. तुम्ही फोनवर बघता त्या सतरांपैकी एक तो.

आता किमुराबद्दल, कारण तो माझा आवडता डाव आहे. समजा कुणी मागून तुमच्या कमरेला मिठी घातली. त्याचं मनगट एका हाताने धरा, दुसरा हात त्याच्या दंडावरून फिरवून स्वतःचंच मनगट पकडा. आता त्याचा हात तुमच्या दोन हातांच्या चौकटीत अडकला. मिठी त्याची होती, पण अडकला तो. सगळे याला किमुरा म्हणतात, कारण १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरा यांनी रॉयस-रॉयलरचे वडील हेलिओ ग्रेसी यांना याच पकडीत हरवलं. हेलिओंनीही टॅप केलं नव्हतं, भावाने टॉवेल फेकला होता. साकुराबापर्यंत मात्र हा डाव ज्युदोतून आला नाही. विगनच्या कुस्तीगिरांकडे तो 'डबल रिस्टलॉक' नावाने होता. एकच पकड, दोन वेगळ्या वाटांनी आलेली.

२७ ऑगस्ट २०००ला रेन्झो ग्रेसी समोर होता. तंत्रात तोडीस तोड. माझ्या मते साकुराबाला भेटलेला सर्वांत पूर्ण ग्रेसी. दुसऱ्या राऊंडच्या अगदी शेवटी तो उभ्यानेच साकुराबाच्या पाठीमागे गेला आणि वर सांगितलं तेच घडलं. साकुराबाने हात अडकवला, गर्रकन वळला, आणि रेन्झो खाली येईपर्यंत कोपर निखळलं होतं. राऊंड दहा मिनिटांचा, वेळ ९ मिनिटं ४३ सेकंद. रेन्झोने टॅप केलं नाही. पण नंतर त्याच अवस्थेत त्याने माईक घेतला आणि कुठलीही सबब न सांगता साकुराबाचं मोठेपण मान्य केलं. मी हा डाव शिकवताना ती गोष्टही सांगतो. पकड आणि ती बसल्यानंतरची माणसं, दोन्ही सोबत शिकावीत.

डिसेंबरमध्ये रायन ग्रेसीही हरला. तेरा महिन्यांत एकाच घराण्यातले चौघे झाले होते.

इथे थांबलं तर उत्तर सोपं होतं. पण तुमचा प्रश्न सतरा पराभवांचा आहे, आणि ते पुढे आहेत. मार्च २००१मध्ये वांडरलेई सिल्वाने त्याला ९८ सेकंदांत संपवलं. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथा आणि गुडघे मारायची मुभा प्राईडने नेमकी त्याच स्पर्धेपासून दिली होती. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सिल्वा. खांदा निकामी झाला. २००३मध्ये तिसऱ्यांदा सिल्वा, तिसरा पराभव. मधे २००२मध्ये मिर्को क्रो कॉपच्या माऱ्याने डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. २००७मध्ये लॉस एंजेलिसला रॉयसने गुणांवर परतफेड केली, आणि मागून त्याच्या चाचणीत नँड्रोलोन हे स्टेरॉइड सापडलं. २०१०मध्ये टॉवेल फेकणाऱ्या रोरियनचा मुलगा रालेक याच्याकडून साकुराबा हरला. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री मारियस झारोम्स्किसबरोबर लढताना त्याचा कान फाटून लोंबायला लागला. तेव्हा तो ४१चा होता. ती लढत मी एकदाच पाहिली आहे, पुन्हा लावायचं धाडस होत नाही. त्याला कुणीतरी आधीच थांबवायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तो नेहमी 'हो' म्हणायचा, आणि त्याच्या नावावर स्टेडियम भरायचं. म्हणून त्या पंधरांतल्या बऱ्याच पराभवांचा हिशेब मी त्याच्या खात्यावर मांडत नाही. २०१५मध्ये, ४६व्या वर्षी, शिन्या आओकीने त्याला जमिनीवर ठोशांखाली दाबलं, तेव्हा पांढरा टॉवेल त्याच्यासाठी आला.

२०१७ साली यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, 'पायोनियर' म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या फायटरांच्या विभागात. मला जास्त आनंद २०१८च्या एप्रिलमध्ये झाला, जेव्हा त्याने तोक्योत 'क्विंटेट' ही स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि ४८व्या वर्षी स्वतःही तीत उतरला. एका संघात पाच जण. ठोसे नाहीत, लाथा नाहीत, फक्त पकडी. जिंकलेला मॅटवरच राहतो आणि पुढच्याशी लढतो. बरोबरी झाली तर दोघंही बाहेर. वजन पाचांचं मिळून मोजतात. लढत आठ मिनिटांची, पण समोरासमोर आलेल्या दोघांच्या वजनात फार फरक असेल, तर ती चारच मिनिटांची.