मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, तास आणि प्रत्यक्ष प्रवास

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर हिशेब चौदा तासांचा येतो. परंतु फेब्रुवारीत आईला घेऊन गेलो तेव्हा थेट विमानानेही जाताना जवळजवळ सोळा तास लागले. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर ते अधिकच प्रबळ असतात, आणि जाताना त्यांना तोंड देत जावे लागते. परतीच्या प्रवासात तेच वारे पाठीशी असल्याने साधारण दोन तास वाचतात. शिवाय सर्वांत जवळचा मार्ग आर्क्टिक वृत्ताच्या थोडा खालून जात असला, तरी बंद हवाई हद्दी टाळण्यासाठी विमानांना बऱ्याचदा वळसा घ्यावा लागतो.

दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढते, वेळ मात्र थांब्यामुळे चार-पाच तासांनी किंवा त्याहूनही अधिक वाढतो. तरीही ज्यांना सलग बसणे सोसत नाही त्यांच्यासाठी हा थांबा उपकारकच आहे. आईचे वय पाहता आम्ही थेट विमान निवडले, कारण परक्या विमानतळावर अपरात्री विमान बदलण्याची दगदग मला अधिक काळजीची वाटली. अमेरिकेतच विमान बदलायचे असेल, तर इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर होते आणि बहुधा सामानही तेथे घेऊन पुन्हा सोपवावे लागते. त्यासाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. त्यामुळे रात्री एकच्या सुमारास मुंबईहून निघालेले आमचे विमान त्याच तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरले. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हे घ्यायला येणाऱ्यांना आवर्जून सांगावे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची नोंदणी निदान एक दिवस आधी करावी आणि ‘एशियन व्हेजिटेरियन मील’ हाच पर्याय निवडावा. ‘हिंदू मील’ या नावाच्या जेवणात गोमांस नसले तरी चिकन किंवा मासे असू शकतात. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेत आईला तिचा फार मोठा आधार झाला. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. दर दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे, आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेऊ नयेत. लाडू, चकल्या, मसाले यांसह खाण्याचे जे काही बरोबर असेल ते कस्टम्समध्ये जाहीर करावे. केनेडी विमानतळावरून शहरात जाण्यासाठी एअरट्रेनने जमैका स्थानक गाठून पुढे लोकल किंवा सबवे मिळते, पण मोठ्या बॅगा व वडीलधारी माणसे सोबत असतील तर टॅक्सीच करावी.