मिक्सरजवळची वीस मिनिटं

खानापूरहून सकाळच्या बसनं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे आम्ही पुष्कळ जण आहोत. मी एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघते. दोन वर्षांपूर्वी कामगारांच्या ट्रेनिंगची जबाबदारीही माझ्याकडे आली.

सुरुवात सगळीकडे होते तशीच झाली. वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, बाहेरून ट्रेनर आले. स्लाइड इंग्रजीत, बोलणं हिंदीत. समोर बसलेले निम्मे घरी मराठी बोलणारे, बाकीचे कन्नड, फर्नेसवरची चार पोरं ओडिशाची. हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. "काही शंका?" असं विचारल्यावर मात्र एकाचंही तोंड उघडलं नाही. हॉल सुटला आणि जिन्यात दोन मोल्डरांचं जुंपलं. मोल्डमधला, म्हणजे वाळूच्या साच्यातला, गॅस बाहेर जायला भोकं कुठं आणि किती पाडायची, यावरून. एक मराठीत बोलत होता, दुसरा कन्नडमध्ये, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. मी पायरीवर थांबून ऐकलं. दोन तासांच्या स्लाइडमध्ये नव्हतं ते तिथं पाच मिनिटांत ऐकायला मिळालं.

म्हणून हॉल सोडून खाली वाळूच्या मिक्सरजवळ उभं राहून बोलायचं ठरवलं. पहिल्यांदा पाळी सुटल्यावर बोलावलं. दोन दिवस माणसं आली, तिसऱ्या दिवशी कोणी नाही. गावाकडची बस चुकली तर पुढच्या बसला तास-दीड तास थांबावं लागतं, घरी गोठ्यात जनावरं वाट बघत असतात. माणसांना शिकायचं नव्हतं असं अजिबात नाही. मी मॅनेजरांकडे पगाराच्या वेळातली वीस मिनिटं मागितली, दर बुधवारी, पहिली पाळी सुटायच्या आधी. तीन वेळा केबिनमध्ये गेले तेव्हा ती मिळाली.

मग भीती आडवी आली. बिघडलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेला ओतीव भाग, मधे ठेवलं की सगळ्यांची नजर आधी त्यावरच्या नंबरकडे, म्हणजे हे कुणाच्या हातचं. ज्याचं असेल तो मागं सरकायचा. पुढच्या बुधवारपासून नंबर ग्राइंडरनं घासून काढूनच मी कास्टिंग आणायला लागले. हे वाचणाऱ्या कुणाला आपल्याकडे असं काही सुरू करायचं असेल तर एवढं आधी करा. कोण चुकलं हे बाजूला गेल्याशिवाय का चुकलं यावर कोणी बोलत नाही.

मोल्डिंगमधले मामा तरीही लांबच उभे राहायचे. तीस वर्षांचा हात त्यांचा. एकदा चहाला गाठून विचारलं, तर म्हणाले, "ताई, हेच माझं भांडवल हाय. हे पोरास्नी दिलं की उद्या मला कोण इच्यारतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांची भीती खरी होती. मामांची समजूत घालत बसण्यापेक्षा मी परत केबिनमध्ये गेले. शिकवणाऱ्याचं काम, दर, जागा यांना धक्का लागणार नाही आणि तयार झालेल्या पोराच्या कागदावर शिकवणाऱ्याचं नाव येईल, असं लिहून घेतलं. त्यानंतरही मामा महिन्याभरानं आले.

त्या दिवशी त्यांनी मिक्सरमधली मूठभर वाळू घेतली, दाबली आणि मूठ उघडली. ढेकळावर बोटांच्या खुणा स्पष्ट उठल्या होत्या. दोन्ही हातांनी ते मधोमध मोडलं, कडा धारदार निघाल्या. "ही बरोबर," म्हणाले. कोरडी वाळू मोडताना भुगा होते, जास्त ओली असली तर तळव्याला चिकटते. मग सगळ्या पोरांनी मुठी दाबल्या, अंदाज सांगितले आणि आयटीआय झालेल्या लॅबच्या पोरानं मीटर लावला. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मामांचा अंदाज बहुतेक वेळा मीटरला धरून असे. एका दुपारी मात्र वाळू मुठीत बरोबर लागली आणि मोल्ड कोरडे पडून झडले. तेव्हा त्या पोरानं सांगितलं, की ओतकाम होऊन साच्यातून परत आलेली वाळू अजून गरम आहे, मिक्सरपासून मोल्डपर्यंत जाईतो तिच्यातलं पाणी उडतं. मामांनी वाळूत हात घालून बघितला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून ते आधी वाळूची ऊब बघतात, मग मूठ दाबतात.

खरी गोष्ट जुलैत घडली. बेळगावचा पाऊस, आठ-आठ दिवस ऊन नाही. दर सोमवारी रिजेक्शनची ट्रॉली भरायची, कास्टिंगच्या आत ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडलेल्या पोकळ्या. आम्ही वाळू बदलली, लोखंडाचं तापमान तपासलं, मोल्डरांना विचारलं. कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, जिथं होतात त्या कोअर शॉपमधल्या बायकांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. बुधवारी त्या भिंतीला टेकून नुसत्या ऐकत उभ्या राहायच्या.

एक दिवस मी सगळ्यांना थांबवलं आणि आधी त्यांना बोलू दिलं. त्यांच्यातल्या अक्का आत जाऊन दोन कोअर घेऊन आल्या, एक शनिवारचा, एक त्या सकाळचा. दोन्हींवर अंगठ्याचं नख ओढलं. सकाळच्या कोअरवर पांढरी रेघ उमटली. शनिवारच्याची वाळू नखाबरोबर निघून आली. "हसी ऐती री," म्हणजे ओला आहे. रविवारभर कोअर शटरजवळच्या रॅकवर, पावसाच्या वाऱ्यात पडून असायचे. हे त्यांना गेल्या पावसाळ्यापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आमाला कोण इच्यारलंय, ताई?"

आमचे कोअर वाळूत सिलिकेट मिसळून, वरून कार्बन डायऑक्साइड मारून घट्ट करतात. सिलिकेट हवेतला ओलावा ओढतं. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड अशा कोअरला भिडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. तिला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच अडकते. हे लॅबच्या पोरानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं, अक्कांनी ते कन्नडमध्ये बाकीच्यांना सांगितलं. रॅक शटरपासून आत, ओव्हनशेजारी हलवला. प्रत्येक कोअरवर खडूनं वार लिहायचा, शनिवारचा असला तर ओव्हनमध्ये फिरवून मगच वापरायचा. सोमवारची ट्रॉली हलकी झाली.

नंतर कळलं, की अशा गटांना क्वालिटी सर्कल म्हणतात. जपानमध्ये १९६२ साली गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावांच्या पुढाकारानं ती सुरू झाली, आपल्या देशात १९८० मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात. आपल्याकडे ती मी पाहिली आहेत, पण बहुतेक ठिकाणी फलकावर फोटो आणि स्पर्धेसाठी पाठ केलेलं भाषण, बोलणारे तेच तीन-चार जण. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं, पहिला शब्द कुणाला मिळतो. आमच्याकडे आता बुधवारी सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, त्याच्या भाषेत, आणि सुपरवायझर शेवटी.

यंदाच्या पावसात कोअर शॉपला एक नवी मुलगी आली आहे. अक्का तिला पहिल्या आठवड्यात नख ओढायला शिकवत होत्या, मी लांबून बघितलं. रात्रपाळीला ही वीस मिनिटं अजून मिळालेली नाहीत. त्यासाठी सोमवारी परत केबिनमध्ये जाणार आहे, आणि या वेळी मामा सोबत येतो म्हणालेत.