कसारा घाट, दोन फेऱ्या

आज गाडीचं ट्यूनिंग करणाऱ्या दादांना घेऊन नाशिकच्या द्वारकेवरून निघालो ते थेट कसाऱ्याला, घाट खालून वर चढायचा म्हणून. दादांच्या मांडीवर लॅपटॉप, वायर ओबीडी पोर्टात, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या सॉकेटात.

गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आधी एकाने 'पॉवर वाढवतो' म्हणून रीमॅप केला होता, म्हणजे त्यातली सेटिंग बदलली होती. वाढवलं होतं नुसतं डिझेल. पाय दाबला की मागे काळा लोट. मागच्या बाइकवर एक ताई ओढणीने लेकराचं तोंड झाकताना आरशात दिसल्या, तेव्हापासून चैन नव्हती.

१ किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो भरायला क्षण जातो. तेवढ्यात डिझेल ओतलं की काजळी. शिवाय डिझेलमध्ये इंधन जास्त म्हणजे एक्झॉस्ट जास्त गरम, हे पेट्रोलवाल्यांना पटकन पटत नाही. पहिल्या चढाला एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा ७८० अंशांवर! दादा एवढंच म्हणाले, "पाय काढ."

इगतपुरीला चहा. तिथेच त्यांनी स्मोक लिमिटर, म्हणजे हवेच्या मानाने डिझेल रोखणारी मर्यादा, आवळला, वरच्या आरपीएमचं डिझेल उतरवलं. दुसऱ्या फेरीला ६९०. गाडी किंचित मऊ उठते, उठू दे. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

घरी येऊन बंपरवरची जुनी काजळी ओल्या फडक्याने पुसून काढली.